कुरणशाळा : कोसबादची आणि आमच्या डोंगरावरची

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी मजकडून शिक्षणाच्या इतिहासावर लेख मागितला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. या पानांवर दरवर्षी ज्ञातीतील पदवीधरांच्या याद्या, शिष्यवृत्ती फंडाचा हिशेब आणि मान्यवरांची चरित्रे येतात व ती यावीतच. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केलेला एक प्राथमिक शिक्षक. इतिहासकाराचा अधिकार मजपाशी नाही. परंतु बिरवाडीच्या वरच्या डोंगरात नोकरीची पहिली सहा वर्षे काढली आणि त्या काळात एक प्रश्न जो मनात शिरला तो सेवानिवृत्तीनंतरही निघालेला नाही. आडवाटेच्या वाडीवर नेमलेला शिक्षक तेथे टिकतो तो कशाच्या बळावर? याचे उत्तर धुंडाळताना मला बिरवाडीपासून फार दूर, उत्तरेस डहाणूच्या बाजूस जावे लागले. तेथील हकीकत सांगण्यापूर्वी इकडचे थोडे सांगतो.

मी १९७९ च्या जून महिन्यात रुजू झालो. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा म्हणूनच ओळखला जाई. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून मिळाले. बिरवाडीचा बाजार व काळ नदी मागे टाकून डोंगराची वाट धरली की दोन तासांच्या चढावर ती वाडी होती. काही घरे धनगरांची, खालच्या अंगास काही कातकऱ्यांची. शाळा एकशिक्षकी, खोली एक, पटावर मुले एकतीस, आणि हजर आठ किंवा नऊ. पावसाळ्यात आवणी म्हणून मुले नसत, दसऱ्यानंतर गुरांमागे म्हणून नसत, आणि कातकऱ्यांची तर कुटुंबेच्या कुटुंबे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर गेलेली असत. मी घंटा देई, खोलीत बसून राही आणि मनातल्या मनात गैरहजर मुलांच्या आईबापांना दोष देई.

एके दिवशी दुपारी पाण्याच्या शोधात निघालो असता पटावरचा एक दहा वर्षांचा मुलगा उतारावर अकरा गुरे घेऊन बसलेला दिसला. मी त्यास विचारले, "किती गुरे आहेत रे?" त्यास सांगता येईना. पण तो पाठमोरा बसलेला असतानाच म्हणाला, "गुरुजी, तांबडी वर गेली, तिची घंटी लांब वाजतेय." अकरा गळ्यांतील अकरा घंट्यांचा आवाज तो वेगवेगळा ओळखीत होता, आणि माझ्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे दीड महिना शून्ये होती.

आता इतिहासाकडे वळतो. खेड्यातील मूल शाळेत का येत नाही आणि शिक्षक तेथे का रमत नाही, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात हा गुंता फार स्पष्ट मांडला आहे. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, गावकऱ्यांत मोकळेपणाने मिसळणारे आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारे असावेत, हे त्यांचे म्हणणे. शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा, हेही त्यांनी आकड्यांनिशी सांगितले. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे असे त्यांचे मत होते. आणि एक गोष्ट सहसा कोणी उद्धृत करीत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या दिपोटीच्या तपासणीने काही साधत नाही, निदान तिमाहीस तरी कोणी जाऊन शाळा पाहिली पाहिजे, असे फुले यांनी लिहून ठेवले आहे. नांगर, पगार आणि पाहायला येणारे माणूस, या तीन गोष्टी. पगाराची गोष्ट पुढे हळूहळू सुधारली. उरलेल्या दोहोंची कथा निराळी आहे.

मधला काळ थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात १९२३ चा व नंतर १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला, शाळा वाढल्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि पुढे ती जीवनशिक्षण या नावाने आपल्याकडील शाळांत आली. कल्पना थोर होती. पण पुष्कळ ठिकाणी टकळी फिरविणे हाच एक नवा पाठ झाला. तपासणी आली की टकळ्या पेटीतून बाहेर निघत आणि साहेब गेले की पुन्हा पेटीत जात, असे वडीलधाऱ्या शिक्षकांकडून मी ऐकले आहे.

या पार्श्वभूमीवर कोसबादकडे पाहिले पाहिजे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर, प्रार्थनासमाजी घरातल्या. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या, त्या काळी पदवीधर स्त्रिया किती असतील याचा वाचकांनीच अंदाज करावा. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे काम करावयास गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे दादरला शिशुविहार काढून मुंबईच्या मध्यमवर्गीय मुलांसाठी त्यांनी नमुनेदार बालमंदिर उभे केले. येथवरची कथा शहरी आहे, आणि येथेच थांबली असती तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने आणि निवडक घरांतली मुले एवढ्यावर बालशिक्षण थांबणार असेल तर खेड्याचे काय, ही टोचणी त्यांस लागली होती. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

तेथे त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ, वयाने अठरा वर्षांनी धाकट्या. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्ष उलटण्याच्या आत वैधव्य, असे आयुष्य वाट्यास आलेल्या या बाईंनी व्हर्नाक्युलर फायनल होऊन शिक्षिकेची नोकरी धरली, नोकरी करीत मॅट्रिक झाल्या आणि बी. ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मनुष्यास हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण लिहिले पाहिजे. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि पुण्यातील शाळेची स्थिर नोकरी सोडून अनुताई बोर्डीस गेल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले काही तिकडे फिरकेनात. येथे एखादा सामान्य शिक्षक जे करील ते मी वर कबूल केलेच आहे. आईबापांना दोष देईल. या दोघींनी बालवाडीच उचलून त्या वस्तीतील अंगणात नेली. मुलांना अंघोळी घालणे, नखे काढणे, केस विंचरणे येथून अभ्यासक्रम सुरू झाला. साधने म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, दगड. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आज हा शब्द देशभर आहे, पण तो कोणत्या अंगणातून निघाला हे पुष्कळांस ठाऊक नसते.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलले. भोवती वारल्यांचे पाडे. हा मुलूख कोणता, तर १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची गुलामी यांविरुद्ध जेथे उठाव केला, तो. अशा लोकांचा शाळा नावाच्या सरकारी वाटणाऱ्या वस्तूवर एकाएकी विश्वास बसेल ही अपेक्षाच करता येत नव्हती. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र करून 'विकासवाडी' उभी राहिली. धाकट्या भावंडास सांभाळावे लागते म्हणून जी मुलगी शाळेत येऊ शकत नाही, ती भावंडास पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसेल, हा त्यातील साधा हिशेब होता.

तरीही एक वर्ग हाती लागत नव्हता, तो गुराख्यांचा. सकाळी गुरे सुटली की मुले त्यांच्यामागे जात ती सांजवेळी परतत. तेव्हा जे अंगणाच्या बाबतीत केले तेच पुन्हा केले. शाळाच कुरणात गेली. गुरे चरत आहेत, झाडाच्या सावलीत मुले बसली आहेत, आणि भोवती जे दिसते त्यातूनच मोजणे, ओळखणे, बोलणे, लिहिणे चालले आहे, अशी ती कुरणशाळा. ताराबाईंनी कोसबादची टेकडी चढली तेव्हा त्यांची पासष्टी आली होती. आपल्या ज्ञातीतील आम्हा निवृत्त मंडळींस पासष्टीत गुडघे आणि पेन्शन यांपलीकडे विषय सुचत नाही, हे विनोदाने नव्हे, खंतावून लिहितो आहे.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे तेच काम चालविले. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये कोसबादलाच त्यांचे निधन झाले. 'कोसबादच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन ज्या घरात शिक्षक आहे त्या घरात असावे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव तीतून गावोगाव पोहोचले. आज आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांतही अंगणवाडी नाही अशी वस्ती विरळा. पण तिच्याच सख्ख्या बहिणीचे, कुरणशाळेचे काय झाले? ती मागे राहिली. योजना होऊन ती गावोगाव गेली नाही.

असे का झाले यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अंगणवाडी मोजता येते. खोली आहे की नाही, सेविका आहे की नाही, खाऊ वाटला की नाही, मुलांची वजने घेतली की नाही, याचे तक्ते होतात. कुरणशाळेचा तक्ता होत नाही. तिला भिंती नसतात आणि वेळापत्रक गुरांच्या हाती असते. उद्या काय शिकवावयाचे हे आदल्या दिवशी शिक्षकालाही ठाऊक नसते. ती सर्वस्वी शिक्षकाच्या जागृतीवर उभी असते. म्हणून शासनास ती उचलता आली नाही. आणि म्हणूनच, मला वाटते, ती शिक्षकाला जितकी धरून ठेवते तितके दुसरे काही धरून ठेवीत नाही. पगार वेळेवर मिळावा, राहण्यास जागा असावी, हे हवेच. फुले यांनी तेही सांगितले आहे. पण भरपूर पगार घेऊन आठ मुलांपुढे रिकाम्या खोलीत बसलेला मनुष्य दुसऱ्या वर्षी बदलीच मागतो.

हे मी अनुभवाने लिहितो. आमच्या अध्यापन विद्यालयाच्या ग्रंथालयात ताराबाईंच्या 'शिक्षण पत्रिके'चे जुने अंक होते. त्यातील चार मी जवळजवळ हट्टाने मागून आणले. १९८१ पासून सकाळी जी मुले खोलीत येतील त्यांस खोलीत शिकवावयाचे आणि दुपारी कुलूप लावून सर्वांनी गुरांकडे जावयाचे, असा क्रम मी धरला. घंट्या ओळखणाऱ्या मुलास घंट्यांवरूनच अकरापर्यंत मोजता येऊ लागले. एक गुरू गोठ्यात राहिले की वजाबाकी, शेजारची चार येऊन मिळाली की बेरीज. ऐन, किंजळ, कुडा, हिरडा यांची पाने जमवून प्रत्येकाचे पहिले अक्षर. काठी रोवून तिची सावली दर तासाला दगडाने खुणावली, तेव्हा ती सर्वांत आखूड होते ती वेळ मुलांनीच शोधून काढली. राब कसा भाजतात, कोणते गवत गुरे तोंडाला लावीत नाहीत, मुठे कोणत्या दगडाखाली असतात, हे मात्र मला ठाऊक नव्हते. ते त्यांनी शिकविले. खोलीत मी एकटा जाणता असे. कुरणावर पंधरा जाणते आणि मी एक अजाण. पाठ काढताना मला रात्री विचार करावा लागे, आणि विचार करावा लागला म्हणून ती वाडी मला पहिल्यांदा आपली वाटली. हजेरी आठवरून बावीसवर गेली.

तिसऱ्या वर्षी तपासणीस एक गृहस्थ आले. दोन तासांचा चढ चढून दुपारी पोहोचले तो शाळेस कुलूप. त्यांनी शेरेबुकात लिहिले, "शाळा बंद आढळली. शिक्षक विद्यार्थ्यांसह गुरे राखीत होते." मजकडून खुलासा मागविण्यात आला आणि एक वेतनवाढ काही महिने अडकली. त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात आज राग नाही. ते घामाघूम झाले होते आणि त्यांच्याजवळच्या नमुन्यात कुरणासाठी रकाना नव्हता. उतारावर येऊन अर्धा तास ते आमच्याजवळ बसले असते तर काय झाले असते, एवढेच कधी कधी मनात येते.

त्यानंतरही मी दोन वर्षे तो क्रम चालविला, पण आता दुपारचे कुलूप लावताना हात कचरे. १९८५ साली बदलीचा अर्ज केला व सडकेवरच्या गावी गेलो. पुष्कळ वर्षांनी घंट्या ओळखणारा तो मुलगा, आता कारखान्यात कामास असलेला प्रौढ गृहस्थ, बिरवाडीच्या बाजारात भेटला. चहा घेताना त्याने विचारले, "गुरुजी, त्या सायबानं लिवलं म्हनून गेलात का तुमी?" मी हो म्हणालो. ते पुरते खरे नव्हते. माझ्या मुलीच्या शिक्षणाचे वय झाले होते, आणि मला माझे मूल त्या खोलीत शिकवावयाचे नव्हते. इतरांची मुले चालत होती. हे आजवर मी कोठे लिहिले नव्हते.

कोसबाद मी पाहिले ते सेवानिवृत्तीनंतर. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या ओलांडून टेकडी चढलो. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला आहे. टेकडीवर बराच वेळ बसलो होतो. खाली उतारावर काही गुरे चरत होती. राखणारा एक म्हातारा होता, मूल नव्हते.

आमच्या डोंगरातही तेच आहे. गुरे उणी झाली, गुराखी मुले उरली नाहीत. कुटुंबे औद्योगिक वसाहतीत, मुंबईस, पुण्यास गेली. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा देऊ केली, पण त्या शाळेत बसावयास मुलेच कमी झाली. २०१७ साली राज्यातील दहाहून कमी पटाच्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचा विचार पुढे आला. कागदावर दोन किलोमीटर हे अंतर फार नसते. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळली त्या पावसात आपल्या तालुक्यातील डोंगरवाटांचे काय झाले ते वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे.

माझ्या त्या पहिल्या शाळेचा पट आज सहा आहे. तेथील शिक्षिका आपल्या ज्ञातीतील, बिरवाडीच्याच घरातल्या आहेत. पावसाळ्यात त्या पहाटे निघतात. गेल्या वर्षी मी त्यांस माझ्याकडचे ते चार जुने अंक दिले. (ग्रंथालयास ते परत केले नव्हते, हाही दोष पदरी घेतो.) त्यांनी सहा मुलांकडून ओढ्याकाठच्या झाडांची वही करविली आहे, पान चिकटविलेले, खाली नाव, आजीने सांगितलेला उपयोग, आणि मुलाची सही. ती वही मी पाहिली. बाई म्हणाल्या, "गुरुजी, वर्षभरात ही वही बघायला आलेले तुम्ही पहिलेच."

मागील वार्षिक सभेत मी सूचना मांडली होती की, आपल्या शिष्यवृत्ती फंडातून थोडी रक्कम अशा शाळेतील पुस्तके, भिंगे व पावसाळी बुटांसाठी द्यावी, आणि संघाच्या दोन सभासदांनी दर तिमाहीस तेथे जाऊन यावे. कार्यकारिणीने सांगितले की, फंडाच्या नियमाप्रमाणे रक्कम ज्ञातीतील विद्यार्थ्यांनाच देता येते, आणि त्या सहांपैकी एकही मूल आपल्या ज्ञातीचे नाही. नियम खरा आहे. तो ज्या वर्षी लिहिला त्या वर्षी आपलीच मुले अनवाणी शाळेत जात होती व तेव्हा तो योग्यच होता. मी नियमदुरुस्तीचा ठराव लेखी दिला असून तो येत्या सभेपुढे येईल. तिमाही भेटीस मात्र कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी मी जाणार आहे. बिरवाडीच्या बाजारातून सकाळी सहाला निघावयाचे. बरोबर येणाऱ्यांनी काठी घ्यावी. ओढ्यानंतरचा चढ निसरडा आहे.